पक्के घर आणि भूकंप

घर पक्के केव्हा म्हणावे? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर केव्हाच ठरून गेले आहे. दगडमातीचे ते कच्चे आणि सिमेंट-लोखंडाचे ते पक्के. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जे झाले, त्याने तर या उत्तरावर शिक्काच मारला. चिखलात रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. झोपलेल्या माणसांच्या अंगावर त्यांचीच घरे आली आणि जवळजवळ आठ हजार माणसे गेली. "स्लॅबचं घर असतं तर वाचलो असतो," असे त्यानंतर मराठवाड्यात जो तो म्हणू लागला. यात खोटे काही नव्हते. पण ते पुरतेपणी खरेही नव्हते, आणि ते कसे हे कळायला सात वर्षे आणि आणखी एक भूकंप लागला.

तो भूकंप गुजरातचा. २६ जानेवारी २००१, सकाळचे पावणेनऊ. केंद्र कच्छात, भचाऊच्या बाजूला. कच्छात दगडमातीची गावेच्या गावे भुईसपाट झाली. ते किल्लारीसारखेच झाले. विचारात पाडणारी गोष्ट घडली ती अहमदाबादेत. केंद्रापासून हे शहर जवळजवळ अडीचशे किलोमीटर दूर. पुण्यापासून सोलापूर जितके, साधारण तितके. तिथल्या एका सरकारी इमारतीत बसवलेल्या यंत्राने जमिनीचा झटका मोजून ठेवला आहे. तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एकदशांश होता. म्हणजे जगबुडी म्हणावी असे काही नव्हते. तरी त्या सकाळी अहमदाबादेत शंभराहून अधिक इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. आणि या इमारती कसल्या? आर.सी.सी.च्या. सिमेंटच्या, लोखंडाच्या, पुष्कळशा अलीकडेच बांधलेल्या. आपल्या व्याख्येप्रमाणे अगदी पक्क्या.

साबरमतीच्या गाळावर वसलेल्या शहरात दुरून येणारा संथ हेलकावा वाढतो, आणि मधल्या उंचीच्या इमारतींच्या डोलण्याशी त्याचा मेळ बसतो. झोपाळ्याला बरोबर वेळेवर रेटा मिळावा तसा. हे कारण खरे आहे. पण त्याच गाळावर, त्याच रस्त्यावर, शेजारची इमारत उभी राहिली आणि ही बसली, याचा उलगडा गाळाने होत नाही. तो इमारतीच्या पोटात शिरून करावा लागतो.

एस.टी.त उभ्याने प्रवास केलेल्या माणसाला भूकंप समजावून सांगावा लागत नाही. गाडीने गचका दिला की पाय गाडीबरोबर जातात आणि धड मागे राहते. इमारतीचे तसेच. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचे शेकडो टन वजन आहे तिथेच राहू पाहते, आणि या दोघांची ओढाताण मधल्या खांबांच्या अंगावर येते. तीही एकदा नव्हे. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, पुन्हा पुन्हा. एरवी जन्मभर खांबाला काम एकच, वरचे ओझे सरळ खाली पोचवायचे. भूकंपात त्याला वाकावे लागते, आणि ओझे खांद्यावरच ठेवून वाकावे लागते.

तुम्ही म्हणाल, मग खांब असा भक्कम बांधा की भूकंपाच्या बापालाही हलायचा नाही! बांधता येईल. अणुभट्टी बांधताना तसाच विचार करतात. पण राहत्या घराचे तसे करू गेले तर खर्च कोणालाच झेपणार नाही, आणि ज्या धक्क्यासाठी तो करायचा तो घराच्या उभ्या आयुष्यात एकदा येईल, कदाचित येणारही नाही. म्हणून जगभरच्या बांधकाम-संहितांनी एक तडजोड करून ठेवली आहे. लहान भूकंपात काही बिघडू नये. मध्यम भूकंपात भिंतींना तडे जावेत, पण सांगाडा शाबूत राहावा. मोठ्या भूकंपात इमारत खराब झाली तरी चालेल, कायमची निकामी झाली तरी चालेल. ती माणसांवर बसू नये. आपली भारतीय संहिताही हेच म्हणते. पुरेसा वाकू शकणारा सांगाडा असेल तर हिशेबातला भूकंपाचा जोर ती चक्क पाचाने भागू देते. म्हणजे इमारत उभी राहते ती शक्तीने एक हिस्सा, आणि उरलेले चार हिस्से मोडल्यावाचून वाकण्याच्या गुणाने. घर विकत घेणाऱ्याला हा करार कोणी वाचून दाखवत नाही. कागदावर पाचाने भागलेले असते, आणि ज्या गुणाच्या जोरावर भागले तो गुण खांबात घातलाय की नाही, हे पाहायला कोणी जात नाही. अहमदाबादेत खरी गोम होती ती इथे.

हा गुण म्हणजे काय, ते घरबसल्या पाहता येईल. एक खडू घ्या आणि बांधकामावर सळया बांधायला वापरतात त्या तारेचा एक तुकडा घ्या. खडू वाकवा, तो मुळीच वाकणार नाही आणि एकदम तुटेल, आधी कसलीही सूचना न देता. तार वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. पाच-सात वेळा केलेत की वाकल्या जागी बोट लावून पाहा, चटका बसेल. तुमच्या हाताची शक्ती तारेने पोटात घेतली आणि तिची ऊब करून टाकली. काँक्रीट म्हणजे खडू आणि सळई म्हणजे तार. दोन्ही एकत्र आणून तयार होणारा खांब भूकंपात खडूसारखा वागणार की तारेसारखा, एवढाच काय तो प्रश्न आहे. काहीजण इथे पुरातल्या लव्हाळ्याचा दाखला देतात, पण तो पुरता लागू पडत नाही. पूर ओसरला की लव्हाळे पुन्हा उभे राहते. सळई वाकली ती वाकलेलीच राहते. तिचे नुकसान हीच आपली बचत असते.

आणि सळई पुष्कळ घातली म्हणजे खांब तारेसारखा वागेल, असेही नाही. उभ्या सळयांना आडवे वेढे घालून जखडणारी जी बारीक सळईची चौकट असते, जिला बांधकामावर सारेजण रिंग म्हणतात, तिच्यावर सगळी भिस्त असते. धान्याने भरलेले पोते आठवा. सुटी ज्वारी जमिनीवर ओतली तर तिच्यावर कोणी उभेही राहू शकणार नाही. तीच पोत्यात शिवून भरली की पोत्यावर पोते रचून थप्पी लावता येते. ज्वारी तीच, फरक पोत्याचा. खांबातल्या काँक्रीटचे असेच आहे. धक्क्यांनी आतून त्याचा भुगा होऊ लागला तरी रिंगांनी आवळून धरलेला भुगा ओझे पेलतो. रिंग सुटली की पोते उसवले. मग उभ्या सळया छत्रीच्या काड्यांसारख्या बाहेर फाकतात आणि वरचा मजला खाली बसतो. अहमदाबादच्या पडलेल्या इमारतींची जी छायाचित्रे प्रसिद्ध झाली, त्यांत अशा फाकलेल्या सळया पुन्हा पुन्हा दिसतात.

रिंग सुटते कशी? तर तिच्या टोकापाशी. रिंगेची दोन टोके जिथे मिळतात तिथे त्यांना हूक असतो. सोयीचा म्हणून तो काटकोनात वळवण्याची रीत आहे. मग टोक राहते कुठे? सळयांच्या बाहेर काँक्रीटचा जो साधारण ४० मिलिमीटरचा थर असतो, ज्याला कव्हर म्हणतात, त्यात. मोठ्या भूकंपात पहिल्या काही हेलकाव्यांतच हे कव्हर गळून पडते. ते पडले की टोकाला धरायला काही उरत नाही आणि रिंग उलगडते. म्हणून हूक काटकोनाच्याही पुढे, १३५ अंशांपर्यंत वळवायचा, म्हणजे टोक तिरपे होऊन खांबाच्या गाभ्यात शिरते. गाभा शाबूत तोवर टोक शाबूत. काटकोन आणि त्यावर आणखी अर्धा काटकोन, फरक एवढाच. आपल्या देशात ही गोष्ट १९९३ च्या संहितेत, आय.एस. १३९२० या क्रमांकाखाली, स्वच्छ छापलेली होती. म्हणजे गुजरातच्या भूकंपाला सात-आठ वर्षे असताना.

रिंगेचा हा महिमा जगाला दिसला तो कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसजवळ सॅन फर्नांडोच्या खोऱ्यात ऑलिव्ह व्ह्यू नावाचे मोठे रुग्णालय नुकतेच बांधून झाले होते. ९ फेब्रुवारी १९७१ च्या सकाळी भूकंप झाला. रुग्णालयाच्या मुख्य इमारतीचा सगळ्यांत खालचा मजला जवळजवळ दोन फूट एका बाजूला सरकला आणि इमारत तशीच तिरकी उभी राहिली. दोन फूट! आता गंमत पाहा. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर दोन प्रकारचे खांब होते. काहींच्या सळयांभोवती सळईचे अखंड वेटोळे, स्प्रिंगसारखे, जवळजवळ घातलेले होते. कोपऱ्यांवरच्या खांबांना नेहमीच्या पद्धतीच्या विरळ रिंगा होत्या. रिंगांच्या खांबांचा चुरा झाला. वेटोळ्यांच्या खांबांचे कव्हर गळाले, ते भयानक तिरपे झाले, पण गाभा राहिला आणि त्यांनी ओझे टाकले नाही. एवढी सरळ परीक्षा निसर्ग क्वचितच घेतो. ती इमारत पुढे पाडावी लागली. पण आतल्या माणसांवर ती बसली नव्हती.

आता दुसरा मुद्दा. वाकायचेच आहे, तर कोणी वाकायचे? न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या विद्यापीठात टॉम पॉले आणि रॉबर्ट पार्क या दोन प्राध्यापकांनी या प्रश्नाला उभे आयुष्य दिले. पॉले यांनी साखळीचा दृष्टान्त वापरला. साखळीची एकच कडी मुद्दाम मऊ, ताणली जाईल अशी करा आणि बाकीच्या तिच्याहून बळकट ठेवा. मग ओढणारा कितीही ओढो, ताणेल ती तुम्ही नेमलेली कडीच. इमारतीत ही कडी म्हणजे आडवी तुळई, आपल्या बोलण्यातला बीम. बीमचे टोक वाकले तर एका खोलीचे छत बिघडेल. खांब गेला तर त्याच्यावरचे सगळे गेले. म्हणून खांब बळकट आणि बीम त्या मानाने नरम. आपल्या २०१६ च्या संहितेत याचे माप दिले आहे: सांध्यापाशी खांबांची ताकद बीमच्या ताकदीच्या १.४ पट तरी हवी. प्रत्यक्षात आपण काय करतो? खांब भिंतीत लपला पाहिजे, फर्निचरला कोपरा आड येता कामा नये, म्हणून नऊ इंची, भिंतीच्या जाडीचा. आणि बीम मात्र दोन-दोन फूट खोल. साखळीतली सगळ्यांत महत्त्वाची कडीच आपण दिवाणखान्याच्या शोभेसाठी मऊ करून ठेवतो. त्या २०१६ च्या संहितेने खांबाची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर, म्हणजे बारा इंच ठरवली, हे बरे झाले.

योगायोग असा की पॉले आणि पार्क यांच्या त्याच क्राइस्टचर्च गावात २२ फेब्रुवारी २०११ रोजी भूकंप झाला. १८५ माणसे गेली. त्यातली ११५ एकाच इमारतीत. तिच्या खांबांतले वेढे फार विरळ होते, असे नंतरच्या चौकशीत दिसून आले. गावातल्या पुष्कळशा नव्या काँक्रीटच्या इमारतींतून मात्र लोक आपल्या पायांनी चालत बाहेर आले. पुढे त्यातल्या कितीतरी इमारती पाडून टाकाव्या लागल्या आणि शहराचा मध्यभाग ओसाड झाला. "मग उपयोग काय झाला?" असे तिथेही लोकांनी विचारले. उपयोग तो, बाहेर चालत येण्याचा. करार तेवढाच होता.

परत अहमदाबादेला येऊ, कारण तिथली एक खोड आपल्याही गावांत मुक्कामाला आली आहे. तळमजल्यावर गाड्या ठेवायच्या, म्हणून तिथे भिंती नाहीत, नुसते खांब. आणि पहिल्या मजल्यापासून वर विटांच्या भिंतींनी गच्च भरलेली बिऱ्हाडे. पार्किंगची जागा बांधकामाच्या अनुज्ञेय क्षेत्रात धरली जात नाही, त्यामुळे बांधणाऱ्याचा यात फायदाच असतो. विटांची भिंत आपण नगण्य समजतो; इंजिनिअरच्या हिशेबातही ती बहुतेक वेळा नुसते वजन म्हणून धरलेली असते. पण ती सांगाड्याला ताठ करते. वरचे सगळे मजले मिळून एक ताठ पेटी बनते, आणि खाली चार काठ्या. चार काठ्यांवर लोखंडी ट्रंक ठेवून पाट हलवा. ट्रंकेला काही होत नाही. सगळे डोलणे काठ्यांत. अहमदाबादेत पडलेल्या इमारतींपैकी बहुतेक या जातीच्या होत्या. कित्येकांत तर पहिल्या मजल्यापासून इमारत रस्त्याकडे पुढे काढलेली, आणि वरचे खांब खाली जमिनीपर्यंत न येता पुढे आलेल्या बीमच्या टोकावर टेकवलेले. अधांतरी खांब! ज्या इमारतींना तळमजल्यावरही भिंती होत्या, त्यातल्या पुष्कळ उभ्या राहिल्या. त्यांचा सांगाडा काही फार निराळा नव्हता, साध्या विटांनी त्यांना तारले. म्हणून दुकानासाठी नाहीतर मोठ्या हॉलसाठी खालच्या मजल्याची भिंत काढताना "ती काही आर.सी.सी. नाही, काढा बिनधास्त," असे मिस्त्री म्हणाला तर त्याचे लगेच ऐकू नये.

पुढे २००२ च्या संहितेने अशा तळमजल्याचे खांब आणि बीम अडीचपट जोरासाठी बांधा, असे फर्मावले. त्याआधी बांधलेल्या इमारतींचे काय? त्या पाडाव्या लागतात असे नाही. पार्किंगमधल्या काही निवडक खांबांमध्ये पायापासून स्लॅबपर्यंत काँक्रीटच्या भिंती घालता येतात, लांबीच्या आणि रुंदीच्या दोन्ही दिशांना, इमारतीच्या दोन्ही अंगांना सारख्या. खांबांभोवती नव्या सळया आणि रिंगा घालून काँक्रीटचे जाकीट चढवता येते. हे सोसायटीच्या पैशांत बसणारे काम आहे. आड येते ते दोन-चार गाड्यांची जागा जाण्याचे. सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय भूकंपाहून अधिक हादरे देतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. इमारतीची तपासणी करून घेता तेव्हा ओल, गंज आणि गळती यांच्याबरोबर तळमजल्याच्या ताठपणाचाही हिशेब लेखी मागा. न मागता तो बहुधा मिळत नाही.

"आपल्याकडे कुठे एवढे भूकंप होतात?" हाही प्रश्न येतो. मी भूगोल शिकवतो, तेव्हा नकाशावर माझा लोभ असणे साहजिक आहे. पण इथे नकाशाने मला सावधच केले आहे. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो भाग देशाच्या भूकंप-नकाशात सगळ्यांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात रंगवलेला होता. २००२ च्या नकाशात तो पहिला विभागच उरला नाही. त्या नकाशात मुंबई आणि पुणे तिसऱ्या विभागात होती, जिथे अहमदाबादही होते. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला काय झाले, ते साताऱ्याकडच्या जुन्या मंडळींना विचारा.

तुमच्यापैकी कोणी घर बांधायला काढले असेल, तर एक वेळ जपून ठेवा. खांबाच्या सळया बांधून झाल्या आहेत आणि सेंट्रिंगच्या फळ्या अजून बंद झालेल्या नाहीत, ती वेळ. त्यानंतर कोणताच डोळा आत पोचत नाही. त्या वेळी टेप घेऊन जा. खांबाच्या खालच्या आणि वरच्या टोकाशी निदान ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फुटाच्या पट्ट्यात रिंगा १०० मिलिमीटरपेक्षा लांब-लांब नसाव्यात. बीम आणि खांब जिथे भेटतात त्या सांध्याच्या आतही रिंगा हव्यात. तिथे हात शिरत नाही म्हणून नेमक्या तिथल्याच गाळल्या जातात. उभ्या सळयांचा जोड खांबाच्या मधल्या भागात यावा. स्लॅबच्या लगेच वर जोड देण्याची सवय आहे, ती जागा सगळ्यांत जास्त वाकणारी. आणि हूक पाहा. टोक आत वळले आहे का, आणि निदान चार बोटे आत गेले आहे का.

फिटरवर रागावून मात्र उपयोग नाही. पुष्कळ ठिकाणी त्याला मजुरी मिळते ती वजनावर, टनाच्या भावाने. जाड सळई कापून उभी केली की वजन भराभर भरते. रिंग वजनाने हलकी आणि मेहनतीने जड. ती १३५ अंशांत वळवायची आणि मग नऊ इंची खांबाच्या अरुंद पिंजऱ्यात एक-एक करून सरकवायची, म्हणजे वेळ दुप्पट आणि पैसा तेवढाच. जिच्यावर सगळी इमारत अवलंबून, तेच काम त्याला सगळ्यांत तोट्याचे. कंत्राट लिहितानाच रिंगांचे काम वेगळे धरा, नगावर त्याचा भाव ठरवा, आणि हुकाचा एक नमुना वळवून कामावर टांगून ठेवा. काटकोनातली रिंग आली तर ती परत जाईल, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर सांगितले तर भांडण होते.